बिनदुर्बिणीची नंबर फोर

सैन्यात मी आर्मरर होतो. बंदूक चालवणारा नव्हे, बंदूक दुरुस्त करणारा. माझं लग्न ठरलं तेव्हा हा फरक सासऱ्यांना समजावताना वडिलांच्या नाकी नऊ आले. शेवटी ते म्हणाले, "सायकलचं दुकान असतं ना, तसंच समजा. फक्त सरकारी." सासऱ्यांचा चेहरा उतरला, पण लग्न मोडलं नाही. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, दिघीत घर बांधलं आणि पुढची बरीच वर्षं चाकणच्या एका कंपनीत गेज रूममध्ये काढली. तिथं गिअरचे दात तपासायचे. लोखंड तेच आणि सवयही तीच. ऐकीव गोष्टीवर जायचं नाही. भिंग लावायचं, माप घ्यायचं, मग तोंड उघडायचं.

या सवयीची जरा ख्याती झाली आणि लोक जुन्या बंदुका ओळखून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. ताथवड्याच्या नव्या सोसायटीतले एक गृहस्थ गाडीच्या डिकीत चादरीत गुंडाळून 'महायुद्धातली स्नायपर रायफल' घेऊन आले. दिवाणखान्यात लावायची होती. चादर सोडली तर आत छऱ्याची बंदूक आणि तिच्यावर तारेनं करकचून बांधलेली अर्धी दुर्बीण. मी म्हटलं, "साहेब, जत्रेत फुगे फोडतात ना, ती ही." ते म्हणाले, "अहो, पण नीट बघा तरी!" मी नीट बघितलं. त्यांच्या समाधानासाठी भिंगसुद्धा लावलं. दुसऱ्यांदा एक पोलीस हवालदार भंगारात सापडलेली 'नळी' घेऊन आले. ती हातपंपाचा दांडा निघाली. हवालदारांनी कपाळाला हात लावला, कारण पंचनामा लिहून झाला होता.

चारचौघांत या गोष्टी मी रंगवून सांगतो. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर डोळ्यांसमोर आले ते यशवंत कांबळे. त्यांची गोष्ट रंगवून सांगण्यासारखी नाही. जशी घडली तशी लिहितो.

दिघीत आम्हा माजी सैनिकांच्या संघटनेचा एक हॉल आहे. बारशी, साखरपुडे, मयताच्या शोकसभा, सगळं तिथंच होतं. समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली, एक थ्री-नॉट-थ्री लटकवलेली होती. कुठल्याशा पलटणीनं फार पूर्वी निकामी करून भेट दिलेली. दर रंगकामाला रंगारी उरलेल्या काळ्या ऑइलपेंटचा हात तिच्यावरही मारायचा, त्यामुळे ती बंदुकीपेक्षा जिन्याचा कठडा वाटायची.

कांबळे निवृत्त नाईक. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, पण माझा हुद्दा वरचा म्हणून ते मला 'साहेब' म्हणायचे आणि मी त्यांना 'दादा'. फौजेतून आल्यावर त्यांनी चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत नोकरी केली. आता काळेवाडीत लेकीकडे राहतात. लेक संगीता गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात लाइन लीडर आहे. एकाहत्तरच्या लढाईत कांबळे आपल्या पलटणीचे स्नायपर होते. दर रविवारी ते बस बदलून हॉलवर येत, खिशातून फडकं काढून, स्टुलावर चढून ती बंदूक पुसत आणि जवळ कुणी नवा माणूस असला तर सांगत, "ही साधी न्हाई बरं का. स्नायपर हाय. लढाईत माझ्याकडं असलीच होती. मला तर वाटतं, हीच."

"मग दुर्बीण कुठंय?" समोरचा विचारी.

"काढून घेतली असंल तिची."

एवढं म्हटलं की सगळे हसत. कुचकट हसणं नव्हतं ते, पण हसणंच. त्यांचं नावच 'दुर्बीणवाले कांबळे' पडलं. मीही हसायचो, आणि आर्मरर हसतोय म्हटल्यावर इतरांची खात्रीच पटायची. स्टुलावर चढून ती बंदूक एकदा खाली घ्यावी, असं मला कधी वाटलं नाही. ताथवड्याच्या त्या अनोळखी माणसाच्या फुगे फोडायच्या बंदुकीला मी भिंग लावलं होतं. हेच बोलणं एखाद्या सुभेदार-मेजरच्या तोंडून आलं असतं तर मी त्याच दुपारी स्टूल ओढलं असतं.

गेल्या वर्षी हॉलचं नूतनीकरण निघालं. आमचे नवे अध्यक्ष मानद कॅप्टन जगदाळे हौशी माणूस. त्यांना बंदुकीखाली माहितीचा फलक हवा होता. "साहेब, हिचं मॉडेल, साल, काय असेल ते शोधून चार ओळी द्या," असं म्हणून त्यांनी रंगाऱ्याकडून ती खाली उतरवून घेतली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून माझ्यासमोर ठेवली.

इथं थोडं धंद्यातलं सांगायला हवं. थ्री-नॉट-थ्री हे एका बंदुकीचं नाव नव्हे, एका मोठ्या कुटुंबाचं आहे. त्यात नंबर फोर नावाची एक शाखा महायुद्धात निघाली. कारखान्यात बनलेल्या प्रत्येक बंदुकीची चाचणी होई. एखादी बंदूक गोळ्यांचा फारच नेटका पुंजका मारी, अशी मग बाजूला काढत. तिच्या डाव्या अंगावर दुर्बिणीसाठी लोखंडाच्या दोन बैठका बसवत, गाल टेकायला दस्त्यावर लाकडाचा उंचवटा स्क्रूनं लावत आणि पोलादावर इंग्रजी 'टी' हे अक्षर ठोकत. टी म्हणजे टेलिस्कोप. दुर्बीण त्या एका बंदुकीशीच जुळवलेली असे. बंदुकीचा नंबर दुर्बिणीच्या पकडीवर आणि दुर्बिणीचा नंबर बंदुकीच्या लाकडावर. लग्न लावून द्यावं तशी जोडी. पण आपल्या दमट हवेत दुर्बिणीच्या भिंगांना बुरशी धरायची. दुर्बीण कामातून गेली की काही ठिकाणी बैठका उतरवून, भोकं बुजवून ती बंदूक पुन्हा साध्या कामाला लावत. अशी बंदूक भिंतीवर टांगली तर कुणाला काय कळणार? अंगावर तिच्या सगळ्या खुणा असतात, पण त्या शोधणारा पाहिजे.

मला हे सगळं नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

थिनरमध्ये कापूस बुडवून मी डाव्या अंगावरचा रंग काढायला घेतला. पेंटचे थर सालीसारखे निघत होते. पहिल्यांदा मागच्या बाजूला पोलादात गोल डाग दिसले. टॉर्च आडवा धरल्यावर ते डाग नव्हते, बुजवलेली स्क्रूची भोकं होती. पुढच्या बाजूलाही तशीच. नेम धरायच्या मागच्या माशीचं साधं भोक कापून टाकलेलं होतं, दुर्बिणीच्या आड येऊ नये म्हणून ते कापतात. दस्त्याच्या लाकडात गालपट्टीच्या स्क्रूंची भोकं पुट्टीनं भरलेली. मी बायकोची टाल्कम पावडर आणली होती, ती पोलादावर चोळली आणि बोटानं पुसली. खोलगट भागात पांढरी पावडर राहिली आणि अक्षर उमटलं. टी.

मला फार आनंद झाला. उगाच नाही म्हणत नाही. जुन्या सहकाऱ्यांना फोटो पाठवले, पुस्तकं काढून प्रत्येक खूण ताडून पाहिली. खडकीच्या एका मित्राने फोनवर विचारलं, "पण ही हुडकली कुणी?" मी म्हणालो, "मी."

कांबळ्यांना फोन करायचं मनात आलं होतं. पण म्हटलं, आधी तपासणी पुरी करू, मग सांगू. दुसऱ्या दिवशी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारणारा दांडा, उघडला. तो लोण्यातून सुरी जावी तसा मागे आला. आत ताजं, स्वच्छ तेल होतं. निकामी बंदुकीच्या नळीला गोळी बसते तिथं आरपार भोक पाडलेलं असतं आणि बोल्टमधली पिन काढलेली असते. या नळीला भोक नव्हतं. पिन जागच्या जागी होती. कागदावर ती निकामी झालेली होती, प्रत्यक्षात कुणी हात लावला नव्हता. हॉलमध्ये एवढी वर्षं लग्नं लागली, पोरं तिच्याखाली खेळली, आणि भिंतीवर जिवंत शस्त्र लटकत होतं.

मी जगदाळ्यांना बोलावून दाखवलं. त्यांचा रंग उडाला. "ठेवा ती खाली. आधी ठेवा. आणि हिला तेल कुणी घातलंय?"

"कांबळ्यांनी," मी म्हणालो. "दर रविवारी पुसतात ते."

पोलिसांना कळवणं भागच होतं आणि ते जगदाळ्यांनी लगेच कळवलं. त्यात चूक काहीच नव्हतं. पण अर्जात त्यांनी एक वाक्य घातलं, की सदर बंदुकीची देखभाल श्री. यशवंत कांबळे करीत असत. संघटनेचं नाव खराब होऊ नये म्हणून. मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. वाक्य खोटं नव्हतं, म्हणून मी काही बोललो नाही. माप बरोबर आहे ना, मग माल पास. कंपनीत असंच करायचो.

पोलिसांनी आम्हा तिघांनाही जबाबासाठी बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा कांबळे आणि संगीता बाहेरच्या बाकावर बसले होते. संगीता शिफ्ट अर्धी टाकून आली होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डब्याची पिशवी. कांबळ्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि त्यावर पदकांची पट्टी लावली होती. त्यांना कशासाठी बोलावलंय हे त्यांना कुणी धड सांगितलंच नव्हतं. बंदुकीसंबंधी आहे एवढंच कळलं होतं. त्यांना वाटलं असावं, आपल्याला काही विचारायचं आहे, माहिती हवी आहे.

मला पाहून ते उठून उभे राहिले. "जय हिंद, साहेब."

"बसा दादा, बसा," म्हणून मी आत गेलो.

आत मला खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा, समोर चहा. मी तज्ज्ञ होतो ना. अधिकारी तरुण होते, त्यांना विषयात रस होता. मी फोटो दाखवत गेलो. बुजवलेली भोकं, कापलेली माशी, टी. नंबर फोर कशी निवडत, दुर्बीण कशी जुळवत, सगळं सांगितलं. मी चांगलं सांगतो. ते मध्येच प्रश्न विचारत होते आणि मी खुलत होतो. चहा संपला तरी माझं चालूच होतं.

मग ते म्हणाले, "काका, एक विचारू? बाहेर बसलेत ते आजोबा. अध्यक्ष म्हणाले, ही स्नायपर आहे असं ते सगळ्यांना सांगायचे आणि तुम्ही लोक त्यांची चेष्टा करायचा."

"हो."

"म्हणजे ते खरं सांगत होते."

माझ्या हातात टी या अक्षराचा फोटो होता. मी तो पालथा करून टेबलावर ठेवला. "हो," म्हणालो. काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. कांबळे ताठ बसले होते, फौजेत बसायला शिकवतात तसे, दोन्ही हात गुडघ्यांवर. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याकडे बघत जात होती. ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाकडे लोक बघतात, तसं.

अधिकाऱ्यांनी त्यांना आत बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची पुढं केली. मला ते सुचलं नव्हतं.

"आजोबा, बंदुकीला तेल तुम्ही घालायचा?"

"व्हय."

"ती चालू अवस्थेत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

कांबळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तेव्हा कळलं, काय चाललंय ते. "न्हाई साहेब. निकामी केलेली हाय असंच सांगितलं व्हतं आमाला. नळीत कशाला बघंल कुणी? बोल्ट गंजू नये एवढंच बघायचो."

"निकामी बंदुकीचा बोल्ट गंजला तर काय बिघडतं?"

"काय न्हाई बिघडत," कांबळे म्हणाले. "पण बघवत न्हाई."

अधिकाऱ्यांनी एवढंच लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली आणि म्हणाले, "तुमचा काही संबंध नाही यात. त्रास झाला तुम्हाला, माफ करा." माफी मागितली ती त्यांनी, ज्यांनी कांबळ्यांना त्या सकाळपर्यंत पाहिलंही नव्हतं.

बाहेर पडलो तर संगीता माझ्यासमोर आली. आवाज चढवला नाही तिनं. "काका, मी पाचवीत होते तेव्हापासून बाबा ही बंदूक ओळखून सांगतायत. शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं, त्याही हसल्या. इतकी वर्षं तुम्ही त्यांना खोटं म्हणालात. आणि खरे ठरले त्याच दिवशी चौकीत आणून बसवलंत."

"संगे, जाऊ दे," कांबळे म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेब, टी सापडला व्हय?"

मी फोन काढून फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघत होते. "आन् माझीच होती का, ते कळंल?"

इथं तरी मी हो म्हणायला हवं होतं, असं माझी बायको म्हणते. पण मी म्हणालो, "ते नाही सांगता येणार, दादा. नंबर जुळवायला पलटणीचे त्या वेळचे कागद लागतील. ते आता कुठे मिळायचे."

"बराबर हाय," ते म्हणाले. "तसल्या लई होत्या. मी आपला बोलायचो."

एवढी वर्षं हसून जे आम्हाला जमलं नाही ते मी एका वाक्यात केलं. त्यांनी आपला दावा स्वतःच काढून घेतला, आणि तोही माझं कौतुक करावं अशा सुरात.

बंदूक सरकारजमा झाली. ते योग्यच होतं. भिंतीवर, रंगाऱ्याच्या काळ्या फटकाऱ्यांच्या मधोमध, तिच्या आकाराचा फिकट पट्टा उरला. हॉलचं उद्घाटन जवळ आलं तसं जगदाळ्यांना तो पट्टा बघवेना. त्यांनी सजावटीचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून लाकडाची बंदूक करून घेतली. मोठी, चकचकीत, वर भली थोरली दुर्बीण. मी बघितली. दुर्बीण इतकी खाली आणि अशी मधोमध बसवली होती की बोल्ट उचलला तर त्याची मूठ तिच्यावर आपटून अडकली असती. मी तसं म्हणालो.

"अहो साहेब, ती उघडायचीय कुणाला?" जगदाळे म्हणाले. "लोकांना दुर्बीण दिसली म्हणजे झालं."

फलकाचा मजकूर मात्र मीच लिहिला. शेवटची ओळ हट्टानं घातली: 'या प्रकारची रायफल नाईक यशवंत कांबळे यांनी लढाईत वापरली.' एवढं माझ्या मापात बसत होतं.

बंदुकीवरचा पडदा उघडायला जगदाळ्यांनी कांबळ्यांनाच बोलावलं. ठाण्याच्या प्रकाराची त्यांनाही टोचणी होतीच, माणूस वाईट नाही. ठाण्यानंतर कांबळे रविवारचे यायचे थांबले होते, पण उद्घाटनाला आले. सोबत संगीता होती. ती हॉलमध्ये पहिल्यांदाच येत होती. गुलाबी फेटे बांधलेले पाहुणे, नगरसेवक, फोटोग्राफर, खुर्च्या सगळ्या भरलेल्या. कांबळ्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला. जगदाळ्यांनी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला आणि उत्साहानं विचारलं, "बोला कांबळेकाका, अशीच होती ना तुमची?"

कांबळ्यांनी मान वर करून त्या लाकडी बंदुकीकडे बघितलं. बोल्टकडे बघितलं, मग दुर्बिणीकडे. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्यांची नजर खाली येताना माझ्यावरून गेली. त्यांना सगळं दिसलंय, हे मला कळलं.

"अशीच होती, साहेब," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगरसेवकांनी शाल घातली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही उभा राहिलो. माझे हात एकमेकांवर आपटत होते, पण मान वर करून त्यांच्याकडे बघणं मला झेपलं नाही.

नंतर मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. शाल घडी घालून संगीताच्या पिशवीत ठेवली होती. थांब्यावर न राहवून मी म्हटलं, "दादा, त्या दुर्बिणीखाली बोल्ट उघडणारच नाही."

"बघितलं की."

"मग हो का म्हणालात?"

"लेक पहिल्यांदा आली होती साहेब. न्हाई म्हटलं असतं आन् परत कुणी हसलं असतं तर? तिच्यासमोर?"

संगीता जवळच उभी होती. तिनं ऐकलं. "बाबा," ती म्हणाली, "दुर्बीण जराशी डावीकडं असते ना? तुम्हीच सांगितलंय. मला लगेच कळलं."

कांबळे तिच्याकडे बघत राहिले. "कळलं व्हय तुला?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडलाही. "मग आता कुणाला सांगू नको. चांगला कार्यक्रम झालाय त्यांचा." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी पन नका सांगू, साहेब."

मी होकारार्थी मान हलवली. बस आली. मी हात धरून त्यांना वर चढवलं. संगीता खिडकीशी बसली होती आणि बस हलेपर्यंत माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन, याची वाट बघत असावी. मी बोललो नाही.

हा लेख तिला वाचायला द्यायचा आहे.